नलूची गाळलेली पानं

नलू भांडत नव्हती, हीच जयवंतीची खरी काळजी होती.

भांडणारी नलू तिच्या चांगल्या परिचयाची होती. भाजीत गूळ घातला म्हणून भांडणारी, पेपरची घडी मोडली म्हणून भांडणारी, बापाशी अणुविजेवरून आणि आजीशी नवसावरून हमरीतुमरीवर येणारी. पण मंगळवारी मुंबईहून सरांचं पत्र आलं, ते तिने उभ्या उभ्या वाचलं, नीट घडी करून फ्रिजवर ठेवलं आणि विचारलं, "आई, आमटीत मीठ घातलंस का?" त्यानंतर तीन दिवस ती सकाळी शिफ्टच्या बसने बोईसरच्या कारखान्यात जात होती, संध्याकाळी येत होती, वाढलेलं जेवत होती आणि स्वतःचं ताट घासून ठेवत होती. सत्तावीस वर्षांत या मुलीने न सांगता ताट घासलं नव्हतं.

पत्रात चारच ओळी होत्या. नलूच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक डॉ. देवस्थळी यांनी लिहिलं होतं की, मी मागितलेली भर या प्रकरणात कुठेही नाही. ती घेऊन शनिवारी दुपारपर्यंत भेटली नाहीस, तर तुझी नोंदणी चालू ठेवा असं मी विद्यापीठाला सांगू शकणार नाही.

म्हणजे तीन वर्षं पाण्यात. आणि तीनच कशाला? रशियन शिकण्यापासून धरली तर दहा.

नलूचा जन्म तारापूरचा. तिचा बाप दिनानाथ पागधरे हा किनाऱ्यावरच्या मासेमार वस्तीतला, होडीऐवजी आयटीआयकडे वळलेला पहिला मुलगा. अणुकेंद्र सुरू व्हायच्या वेळी तो तंत्रज्ञ म्हणून लागला आणि टाउनशिपमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. जयवंती त्याच समाजातली, पण पालघरच्या कॉलेजात जाऊन बी.ए. झालेली. पोटात नलू असताना तिने शेवटचा पेपर दिला होता. पुढे बोईसरला शाळेत शिक्षिका झाली, टायपिंगच्या परीक्षा दिल्या. शेजारी बंगाली, तमिळ, पंजाबी, पुण्याचे, नागपूरचे. जिन्यात सगळ्यांशी हसून बोलायचं, मुलांनी मोठ्याने ओरडायचं नाही, गॅलरीत काय वाळत घालायचं याचा आधी विचार करायचा, हे नियम जयवंतीला कुणी शिकवले नव्हते. तिने ते स्वतःच शोधून काढले आणि घराला लावले.

या नियमांत न बसणारं माणूस एकच होतं. दिनानाथची आई जमना. तिला सगळे माई म्हणत. माई आठवड्यातून एकदा डोक्यावर पाटी घेऊन गावातून यायची. पाटीत सुके बोंबील, सोडे, कधी नातीसाठी ताडगोळे. एकदा खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वासाबद्दल सोसायटीकडे चिठ्ठी दिली. त्यानंतर जयवंतीने सासूला सांगितलं, "माई, तुम्ही दुपारी येत जा. दोनच्या सुमाराला. आणि मागच्या जिन्याने. पुढच्या जिन्याला गर्दी असते."

दुपारी दोनला पुढच्या जिन्यात चिटपाखरू नसायचं.  माई मागच्या जिन्याने यायला लागली.

नलू शाळेत हुशार होती, पण हट्टी. काहीतरी वेगळंच धरायची आणि सोडायची नाही. मुंबईला बी.ए.ला गेली तेव्हा सगळ्या मुली फ्रेंच घेत होत्या, हिने रशियन घेतलं. का, तर पुस्तकं स्वस्त मिळतात. मग सोव्हिएत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९८४ साली ती कीव्हला गेली. दिनानाथने अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. माई म्हणाली, "लांब हाय का? डहाणूच्या पल्याड?"

"फार पल्याड, माई."

"मंग थंडी असेल. लसणाची चटणी दे बांधून."

सुरुवातीची पत्रं बर्फाची आणि बटाट्यांची होती. नंतर त्यांत हालिना नावाची एक बाई यायला लागली. वसतिगृहाच्या दाराशी किल्ल्या घेऊन बसणारी, साठीची, गुडघे धरलेली. ही हालिना स्वयंपाकघरात एकटी असली की आपल्या युक्रेनी बोलीत गाणी म्हणायची, पोरींना रागवायची, बिटाच्या सारात काय घालावं यावर भाषण द्यायची. पण वसतिगृहाचे प्रमुख आले की ताठ उभी राहून रशियन बोलायची, अगदी बेतशीर, कामापुरतं. नलूने तिला विचारलं, असं का? तर म्हणाली, ही घरची भाषा आहे मुली, ही घालून बाहेर जात नाहीत. सणाच्या दिवशी मात्र तिलाच भरतकामाचा सदरा घालून स्टेजवर गायला बोलवत. प्रमुखसाहेब पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत.

जयवंतीने ते पत्र वाचून ठेवून दिलं होतं. त्यात विशेष काय, असं तेव्हा वाटलं.

मग १९८६चा एप्रिल आला. चेर्नोबिलची बातमी दिनानाथला कामावर कळली तेव्हा तो घरी येऊन नुसता बसून राहिला. त्याला त्या स्फोटाचा अर्थ पेपरवाल्यांपेक्षा जास्त कळत होता. नलूचं पत्र जूनमध्ये आलं. तिने लिहिलं होतं, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. पाच दिवसांनी एक मे होता, लहान मुलं भरतकामाचे सदरे घालून रस्त्यावरून नाचत गेली, वारा आमच्याकडे होता. हालिना दिवसातून दोनदा ओल्या फडक्याने आमची जमीन पुसते आणि म्हणते, ठरवायचं मॉस्कोने आणि धूळ पुसायची आम्ही.

नलू १९९० साली परत आली ती हे वाक्य घेऊनच. वर्षभरात सोव्हिएत संघ मोडला. शेजारच्या मंदावहिनी जिन्यात म्हणाल्या, "काय गं नले, तुझा रशिया तर फुटला! आता त्या भाषेचं लोणचं घालणार का?"

"रशिया नाही फुटला, काकू. रशियाच्या हाताखालचे सुटले."

"तेच ते."

"तेच ते नाही!" नलू एवढ्या जोरात ओरडली की तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडलं. जयवंतीने तिला हाताला धरून आत ओढलं.

हेच नलूच्या अभ्यासाचं मूळ. आपल्यावर इंग्रजांनी राज्य केलं, त्याने आपल्या मनाचं काय झालं, आपण स्वतःकडे साहेबाच्या डोळ्यांनी कसं बघायला लागलो, यावर आता जगभर लिहिलं जात होतं. नलूचं म्हणणं असं की युक्रेनी माणसाकडेही असंच बघायला हवं. तोही गोरा, मालकही गोरा, धर्म जवळचा, भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. म्हणून कुणाला ती गुलामी दिसत नाही. पण हालिनाच्या घशात जे अडकलेलं आहे ते तेच आहे.

दिनानाथ हे ऐकून म्हणाला, "आपण तर दोन दोन वसाहतींत राहतो बुवा. नोकरीची ही, आणि बोईसरची औद्योगिक." नलूसुद्धा हसली होती तेव्हा.

बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्याने सोव्हिएत यंत्र घेतलं होतं, त्याची माहितीपत्रकं रशियनमधून इंग्रजीत करायला नलूला ठेवलं होतं. ब्याण्णव साली ते यंत्र दुरुस्त करायला खारकीव्हचे दोन इंजिनिअर आले. मॅनेजरने फाटकावर लाल झेंडा लावला, विळा-हातोड्याचा. नलू धावत गेली. सर, तो देशच राहिला नाही, आणि हे लोक युक्रेनचे आहेत. मॅनेजर म्हणाले, "हां हां, वही. रशिया का ही तो हिस्सा है. हार पहनाओ." इंजिनिअरांपैकी म्हाताऱ्याने हार घालून घेतला आणि नलूला हळूच सांगितलं, असू दे, आम्हाला सवय आहे. नलू त्या रात्री जेवली नाही. तिला राग मॅनेजरचा नव्हता, त्या सवयीचा होता.

देवस्थळी सरांना मात्र हे मुळीच पटत नव्हतं. नलू त्यांची नक्कल करायची, चष्मा कपाळावर सरकवून: "वसाहत म्हणायला जहाजं लागतात, नलिनी! समुद्र लागतो! एका चुलीवरच्या दोन भावांच्या भांडणाला तू साम्राज्य म्हणतेस? अगं, ज्यांनी आपल्याला पोलादाचे कारखाने दिले, ज्यांच्या पैशावर तू शिकलीस..."

"मग तू काय म्हणालीस?" जयवंती धास्तावून विचारायची.

"म्हटलं, धाकटा भाऊ धाकटा भाऊ म्हणत त्याला स्टेजवर नाचवायचं आणि बैठकीत बोलू द्यायचं नाही, याला कुठल्या चुलीवरचं प्रेम म्हणतात?"

"असं म्हणालीस सरांना?"

"मी आणखीही बरंच म्हणाले."

जयवंतीला झोप यायची नाही. दुसऱ्यांच्या मुली लेक्चरर होऊन, लग्न होऊन, डोंबिवलीला घर घेऊन बसल्या होत्या. विषय बदल, असं तिने नलूला किती वेळा सांगितलं याला गणती नाही. कादंबरीतला निसर्ग घे, स्त्रीपात्रं घे, सर देतील ते घे. एकदा पदवी पदरात पडू दे, मग काय तो क्रांतीचा झेंडा लाव.

"तू आयुष्यभर हेच केलंस," नलू म्हणाली होती. "आधी पदरात पडू दे."

"त्याच पदराखाली वाढलीस, विसरू नकोस."

पण सर वाईट नव्हते. जानेवारीत त्यांनी प्रकरण परत दिलं तेव्हा शांतपणे सांगितलं की, ही सगळी वाक्यं तू लंडन-न्यूयॉर्कच्या पुस्तकांतून उचलली आहेस. साहेबाविरुद्ध बोलायलाही साहेबाचीच वाक्यं. तुला स्वतःला हे कुठून दिसलं? तारापूरच्या मुलीला त्या किल्लीवाल्या बाईचं दुखणं ओळखता आलं ते कसं? ते लिही. ते पटलं तर मी तुझ्या बाजूने भांडेन.

नलू घरी आली ती उड्या मारत. "आई, म्हातारा बरोबर बोलला!"

तिने लिहिलं. पण त्याच आठवड्यात तिला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे, अंगात उभं राहायचं बळ नाही. मुदत तर जवळ आली होती. पलंगावर पडून तिने शेवटची पानं लिहिली आणि गठ्ठा आईकडे दिला. "तू टाइप कर. बाबा नेऊन देतील. मला आता अक्षरं दोन दोन दिसतात."

जयवंती शाळेतून आली की टाइपरायटरवर बसायची. मुलीची इंग्रजी वाक्यं लांब, पण स्वच्छ होती. चाळिसाव्या पानापर्यंत कीव्ह, मॉस्को, शाळा, गाणी. एकेचाळिसाव्या पानाच्या शेवटी नलूने लिहिलं होतं: हे मला प्रथम माझ्या घरात दिसलं.

आणि पुढे १९७६ सालचं टाउनशिपचं स्नेहसंमेलन होतं.

जयवंती ते विसरली नव्हती, पण मुद्दाम आठवतही नव्हती. त्या वर्षी बायकांनी कोळी नाच बसवला होता. त्याच बायका, ज्यांना वास यायचा. लुगडी कुठून आणायची असा प्रश्न पडला, तेव्हा जयवंती पुढे झाली. माईची ठेवणीतली चार लुगडी तिने आणून दिली आणि सांगितलं, भाड्याने आणली. नलूला त्यांनी पुढच्या ओळीत नाचायला घेतलं. माईला कळलं तेव्हा ती हरखली होती, म्हणाली, मी येते बघायला. जयवंती म्हणाली, "माई, स्टाफशिवाय कुणाला सोडत नाहीत हो." पंडालात नोकरचाकरांसकट सगळा गाव बसला होता. दुसऱ्या दिवशी माई लुगडी न्यायला आली. घड्या घालता घालता दहा वर्षांच्या नलूसमोरच म्हणाली होती, "माजी लुगडी चालली नाचायला. मीच काय ती नाय चालले बघायला?"

हे सगळं नलूने लिहिलं होतं. मागच्या जिन्यासकट. दुपारच्या दोनसकट. आणि मग: माझी आई क्रूर नव्हती. तिला सतत कुणीतरी बघतंय असं वाटे, आणि त्या बघणाऱ्याचेच डोळे तिने लावून घेतले होते. हालिनाला ताठ उभं राहताना पाहिलं तेव्हा मला ती परकी वाटली नाही. मला माझी आई दिसली.

जयवंतीची बोटं टाइपरायटरवर थांबली. आत नलू तापात कण्हत होती. जयवंतीने विचार केला तो एवढाच की, हे मुंबईचे सर वाचणार. परीक्षक वाचणार. विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे कायमचं बांधून राहणार, आणि उद्या टाउनशिपमधला कुणीही जाऊन उघडून बघणार. दिनानाथ तर उद्याच गाडीत बसल्या बसल्या वाचेल, आणि आपल्या आईला त्या दिवशी कुणी थांबवलं ते त्याला सतरा वर्षांनी कळेल.

'माझ्या घरात दिसलं' हे अर्धवट टाइप झालेलं वाक्य तिने खोडलं. चार पानं बाजूला ठेवली, पुढच्या पानाला बेचाळीस आकडा घातला आणि टाइप करत राहिली. एकही चूक झाली नाही. लिहिलेला कागद जाळायला तिचा हात धजेना, म्हणून ती पानं रेशनकार्डाच्या पिशवीत गेली.

आणि मंगळवारी पत्र आलं.

बुधवारी नलूने एकदाच विषय काढला. "चार पानं लिहिली मी. म्हातारा म्हणतो कुठेच नाहीत. म्हणजे त्याने उघडलंसुद्धा नाही. आई, तू टाइप केलीस ना ती? तुला आठवतात ना?"

"टाइप केलं की," जयवंती म्हणाली. "सगळं केलं."

नलूने मान हलवली. विश्वास ठेवला. संशय घेतला असता, आदळआपट केली असती, तर जयवंतीच्या तोंडून कदाचित निघालं असतं. पण या मुलीने नेमका आजच विश्वास ठेवायचा होता! जयवंतीला तिचाच राग आला. काय गरज होती घरातलं लिहायची? जगात दुसरी उदाहरणं नव्हती? आणि लिहायचंच होतं तर स्वतःच्या हाताने टाइप करायचं, आईला का बसवलं?

शुक्रवारी सकाळी नलूने बापाच्या हातात पाकीट दिलं. "रजिस्टर पोस्टाने टाका, बाबा. नोंदणी रद्द करा म्हणून लिहिलंय. ते काढून टाकण्याआधी मीच काढून घेते. कारखान्यात मला डिस्पॅचला कायम करतायत."

"डिस्पॅचला?" दिनानाथ म्हणाला. "म्हणजे काय करायचं?"

"पिंपांवर लेबलं बरोबर लागली का बघायचं."

ती गेली. दिनानाथ पाकीट उलटंसुलटं करत बसला. त्याची दुपारी तीनची पाळी होती. जयवंतीची शाळा सकाळची, ती एकला घरी आली तेव्हाही पाकीट टेबलावरच होतं.

दोन वाजता माई आली. मागच्या जिन्याने. पंचाहत्तरी उलटली होती, आता पाटी नव्हती, नुसती पिशवी. तो जिना आताशा तुटका झाला होता, कठडा निघाला होता, आणि वासाची चिठ्ठी देणारं बिऱ्हाड केव्हाच बदलीवर गेलं होतं. तरी माई तिकडूनच यायची.

"नली कवा येते?"

"सहाला."

"तिला काय झालंय? परवा गावात आली तं बोलली नाय काय. बसली नि गेली. मी म्हटलं, देवाला शिव्या दे की गो, नेहमीसारख्या. तं म्हणते, असू दे माई." माईने पाणी प्यायलं. "तुज्यासारकी झाली."

"माझ्यासारखी कशी?"

"तू नवीन आलीस तवा अशीच होतीस. समदं असू दे, असू दे. इस्त्रीची साडी नेसायचीस नि गप." माईने हे तक्रारीच्या सुरात म्हटलंच नाही. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं आणि पिशवीतून सोडे काढायला लागली. "तुजं ठीक होतं. तुला हितं राहायचं होतं. तिला कुनाची भीती हाय?"

जयवंती आत गेली. रेशनकार्डाची पिशवी काढली. पानांना रॉकेलचा थोडा वास लागला होता. ती पर्समध्ये घालून बाहेर आली आणि दिनानाथला म्हणाली, "ते पाकीट आज टाकू नका. फाडूही नका. नलू सांगेल तसं करा."

"ती तर टाका म्हणूनच गेलीये."

"परत सांगेल. मी येते."

"भर उन्हात कुठे?"

ती पुढच्या जिन्याने उतरली आणि बाजारातल्या एकनाथच्या टेलिफोन बूथवर गेली. सरांचं पत्र तिने बरोबर घेतलं होतं, वर नंबर छापलेला होता. वाटेत तिने वाक्यंही जुळवली होती. सर, मी नलिनीची आई. काही पानं टायपिंगमध्ये राहून गेली. टायपिंगमध्ये राहून गेली, हे किती सोयीचं होतं! सर म्हणतील, बरं, उद्या पाठवा. दिनानाथ पहाटेच्या गाडीने नेऊन देईल, पाकीट बंद करून दिलं तर वाचणारही नाही. नलूला सांगायचं, मी सरांना विनवलं, त्यांनी ऐकलं. सगळं जागच्या जागी. कुणाला काही कळायला नको.

एकनाथने स्टूल पुढे केलं. "बसा बाई. मुंबई ना? आता लाइन चांगली हाय, पटकन लागेल."

जयवंतीने पत्र उघडलं. पुन्हा एकदा ती ठरवायला बसली होती. कुणाला काय दिसू द्यायचं, कोण कुठल्या दाराने येणार, कुणाला काय सांगून घरी बसवायचं. पानं नलूची होती. ती पाठवायची की नाही हे सुद्धा नलूचंच होतं. आणि ती कुणी काढली हे कळल्यावर नलू काय बोलेल? बोलली तर बरं. भांडली तर फार बरं. पण 'असू दे' म्हणाली तर?

"लावू का, बाई? नंबर सांगा."

"मुंबई नको," जयवंती म्हणाली. "बोईसरचा लावायचाय. कारखान्याचा."

"मंग त्याला कशाला एवढा विचार? लोकलच तं हाय."

"हो. लोकलच आहे." तिने पत्राची घडी करून पर्समध्ये टाकली. चारची बस मिळाली तर तीच जाऊन पानं नलूच्या हातात देणार होती, पण आधी सांगायचं होतं, आत्ता, बस यायच्या आत आणि धीर सुटायच्या आत. तिने रिसीव्हर उचलला आणि नलूच्या कारखान्याचा नंबर फिरवायला सुरुवात केली.